ईशान्येला संडास

दोन हजार पाच साली अमेरिकेत, वेस्ट विंडसरमध्ये घरांचे भाव आमच्या पगारांना वाकुल्या दाखवत होते. तरी बायको आणि मी दर रविवारी विकाऊ घरं बघायला जायचो. तिथे एक काका हमखास भेटायचे. दारात बूट काढून, होकायंत्र तळहातावर धरून ते खोल्याखोल्यांतून फिरायचे. एजंटबाईने किंमत सांगितली की म्हणायचे, "नो, नो. वास्तू बॅड."

एकदा मी विचारलं, "काका, सगळ्याच घरांची वास्तू वाईट कशी?"

"पगार वाढला की दिशा सुधारतात," ते फुकटची कुकी खात म्हणाले.

पुढच्या रविवारी बायकोला एक घर फारच आवडलं. किंमत ऐकून माझा चेहरा पडला. काकांनी होकायंत्र खिशातून काढलंच नाही.

"ईशान्येला संडास आहे गं," ते हळहळत तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "घाला बूट."