हात मांडीखाली

“हात मांडीखाली ठेवा, गुरुजी.”

एवढं म्हणून काकाजी समोरच्या पोत्याकडे बोट दाखवायचे. त्या पोत्यावर मांडी घालून बसायचं, दोन्ही हात मांड्यांखाली दाबायचे, आणि आपलं लेकरू चाकू चालवत असताना गप्प राहायचं. लाखनीतल्या त्या लोखंडी सामानाच्या दुकानात विळे, कुदळी, फावडी यांच्या जोडीला शनिवारी दुपारी असे दोन-चार बापही मांडून ठेवलेले असत. विकायला नव्हते, म्हणून बरं. गिऱ्हाईक मिळालं नसतं.

शनिवारीच का, तर आपल्याकडे शनिवारी लोखंड घेत नाहीत. काकाजी स्वतः शनी वगैरे काही मानत नसत, पण गिऱ्हाईक मानायचं, त्यामुळे शनिवारी दुकान उघडं असून बंद असल्यासारखंच. त्यात शाळा सकाळची. म्हणून पोरांना चाकू शिकवायचा तो शनिवारी, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. सत्तरी ओलांडलेला माणूस. डाव्या हाताच्या बोटांवर जुन्या जखमांच्या पांढऱ्या रेघा. कोणी विचारलं तर म्हणायचे, “हे माहं सर्टिफिकेट आहे जी.”

मी तिथे कसा पोचलो ते सांगायला हवं, कारण त्यात माझी हुशारी दिसून येते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. इतर विषयांबरोबर कार्यानुभवही माझ्याकडे आहे. माझ्या वर्गात कात्री फळ्यावर खडूनं काढून दाखवली जाते. इतक्या वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याला कार्यानुभवाच्या तासाला जखम झालेली नाही. अनुभवही झालेला नाही, पण त्याचा रकाना नसतो.

तर माझ्या मुलीनं, मनूनं, आठवा वाढदिवस जवळ आल्यावर चाकू मागितला. बाहुली नको, सायकल नको, चाकू. मी सुशिक्षित बाप असल्यामुळे नाही म्हटलं नाही. मोबाईल घेऊन तीन संध्याकाळ बसलो, अनोळखी लोकांनी दिलेले तारे पाहिले, आणि एक लाल रंगाचं अवजार मागवलं. मुठीत मावणाऱ्या त्या वस्तूत दोन पाती, करवत, कात्री, कानस, चमचा, दात कोरायची काडी आणि बाटलीचं बूच काढायचा पिळदार आकडा एवढं सगळं होतं. आठ वर्षांच्या मुलीला लाखनीत या आकड्याची किती निकड असते, ते तुम्हाला सांगायला नको.

“हा आकडा कायले लागते तिले?” बायकोनं विचारलं.

“असू दे. पुढे कामाला येईल.”

अडचण एवढीच झाली की त्यातलं काहीही उघडेना. माझी दोन नखं तुटली. मनूचं एक. शेवटी तेलाचा थेंब घालून मिळेल म्हणून मी ते काकाजींच्या दुकानात नेलं.

त्यांनी ते घेतलं आणि आतलं एकेक बाहेर काढत गेले. चमच्यापाशी थांबले.

“पोरगी पंगतीले चालली काय जी?”

मी हसलो. ते हसले नाहीत. मग आकडा निघाला.

“अन् हे?”

“बाटलीचं बूच काढायचं आहे ते.”

“किती वर्षांची म्हणलं पोरगी?”

“आठ.”

“मंग लवकरच सुरू केलं तुमी.”

तेल घातलं, सगळं मिटवलं, आणि अवजार माझ्यासमोर फळीवर ठेवलं. हातात दिलं नाही. चाकू हातातून हातात देऊ नये, भांडण होतं, असं आपल्याकडे म्हणतात. काकाजी ते कसोशीनं पाळायचे. “भांडण होवो का ना होवो,” ते म्हणायचे, “बोट वाचते.”

“पोरीले आणा,” त्यांनी सांगितलं. “पोरीचा चाकू बापाच्या मापानं नाही घेत.”

पुढच्या शनिवारी मी मनूला घेऊन गेलो. तिच्याशी ते माझ्यापेक्षा जास्त आदरानं बोलले. मूठ वळायला सांगितली, सुतळीनं मापली, आणि खोक्यातून एकाच पात्याचा, लाकडी मुठीचा घडीचा चाकू काढला. पातं चार बोटांच्या रुंदीपेक्षा लांब नको. उघडल्यावर खट्कन अडकलं पाहिजे, आपोआप मिटता कामा नये. टोक त्यांनी माझ्यादेखत दगडावर घासून गोल केलं. मला वाटलं, आता धारही बोथट करतील. उलट त्यांनी ती लावून दिली.

“धार कशाला लावता? लहान आहे ती.”

“बोथट चाकूले जोर लावा लागते. जोर लावला का घसरते. धारेचा चाकू आपल्या मनानं जाते.” मग मनूकडे वळून म्हणाले, “बस खाली. हात फिरवून पाह्य. जेवढं रिंगण झालं, तेवढ्यात कोणी येऊ नाही. बापही नाही.”

आता या दुकानाची खरी गंमत. काकाजी चाकू विकायचे, पण द्यायचे नाहीत. विकलेला चाकू कागदी पुडीत घालून, वर पोराचं नाव लिहून, गल्ल्याखालच्या खणात ठेवायचे. पोरानं शनिवारी यायचं, पुडीतून चाकू काढायचा, सांगितलेलं काम करायचं आणि परत ठेवायचा. आधी काकडी, मग कडुनिंबाची काडी, आणि शेवटी शिंगाडा. आपल्या तलावांतला उकडलेला शिंगाडा म्हणजे काळं टणक साल आणि दोन बाजूंना दोन शिंगं. शिंगं उडवून, आतल्या गराला चरा न पाडता तो सोलला, की पोरगं पक्कं. मग पुडी घरी न्यायची. तोवर आपण घेतलेली वस्तू आपलीच असल्याबद्दल समाधान मानायचं.

पवनीहून एक इंजिनिअर आले होते. मुलगा बारा वर्षांचा, कराटेत बक्षिसं मिळवलेला, असं त्यांनी दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. चाकू आताच हवा होता. काकाजींनी मुलापुढे काकडी ठेवली. पोरानं ती डाव्या हातात उभी धरली आणि पातं सरळ स्वतःच्या तळव्याच्या दिशेनं आणलं. काकाजींनी शांतपणे काकडी काढून घेतली. “कराटेच करू द्या जी. काकडीले हात नोका लावू.” इंजिनिअर रागावून गेले, आणि दुसऱ्या शनिवारी मुलासकट येऊन पोत्यावर हात दाबून बसले.

मीही बसायचो. फक्त गप्प बसणं मला जमत नव्हतं. वयाच्या तिसाव्या वर्षापासून बोलण्याचाच पगार घेतोय. हळू. अंगठा बघ. समोर लक्ष दे. घाई नको. अगं हळू.

“गुरुजी, तुमी बोलून राहिले म्हणून तिले ऐकू नाही येत.”

“काय ऐकू येत नाही?”

“चाकू.”

मी ते हसण्यावारी नेलं. मनूनं मात्र मान तिरकी करून खरंच ऐकायला सुरुवात केली. काडीवरून पातं नीट गेलं की एक बारीक, सलग आवाज येतो. अडकलं की तो तुटतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आठ वर्षांच्या मुलीला दोन शनिवारांत कळलं.

दिवाळी झाली, शिंगाडे आले. त्या शनिवारी तिनं पहिला शिंगाडा हातात घेतला. एक शिंग उडवलं. दुसऱ्याखाली पातं नेलं. मला तिचा अंगठा फार जवळ दिसला. माझा उजवा हात मांडीखालून कधी निघाला ते कळलं नाही. “अगं!” असं ओरडून मी तिचं मनगट धरलं. ती दचकली, आणि पातं बोटात गेलं.

जखम लहान होती. मनू रडली नाही. तिनं आधी चाकू मिटला, जमिनीवर ठेवला, मग बोट तोंडात घातलं. काकाजींनी स्वच्छ कापड गुंडाळून बोट दाबून धरलं. या सगळ्यात गडबड करणारा एकच माणूस होता. मी इतर बापांसमोर काकाजींना सुनावलं की आठ वर्षांच्या लेकरांच्या हातात धारदार चाकू देणं हा कसला धंदा, शिकलेल्या माणसानं असं केलं नसतं, वगैरे.

ते बोट दाबून बसले होते. मान वर न करता म्हणाले, “पोरीनं नाही कापलं, गुरुजी.”

मला ते ताबडतोब समजलं होतं. म्हणूनच मी जास्त रागावलो, मुलीला उचललं आणि घरी आणलं. चाकू तिथेच राहिला. लाल अवजार मी कपाटावर टाकलं. शनिवारी बाजारात जायचं झालं तर दुसऱ्या गल्लीनं जाऊ लागलो.

मी जिंकलो होतो. मनूनं चाकूचं नाव काढणं बंद केलं. हट्ट नाही, रुसवा नाही. पेरू आणला की गुपचूप माझ्यासमोर धरायची. “बाबा, कापून द्या.” पेन्सिलचं टोक मोडलं की पेन्सिल माझ्यासमोर. दोरा तोडायचा असला तरी माझ्यासमोर. अशी सांगितलेलं ऐकणारी, स्वतः काही न करणारी तीस मुलं माझ्या वर्गात बसतात आणि त्यांना मी शहाणी म्हणतो. घरात तसं एक तयार झालं आणि मला ते बघवेना. हे मी कोणाला बोललो नाही. काकाजींकडे जाऊन दोन शब्द बोलायला पाच मिनिटं लागली असती. मी संपूर्ण हिवाळा आणि अर्धा उन्हाळा घेतला, तरी ते झालं नाही.

एका दुपारी काकाजी दुकानात बसल्या बसल्याच गेले.

मी मोक्षधामात मागे उभा राहिलो. पुढे जाण्याचं तोंड नव्हतं. समोर ते इंजिनिअर दिसले, पवनीहून आलेले, मुलाला घेऊन. मुलगा रडत होता.

पंधराएक दिवसांनी काकाजींच्या पत्नीचा, काकूंचा, निरोप आला. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. काकू खण उघडून बसल्या होत्या आणि एकेका पुडीवरचं नाव वाचून माणसं बोलावत होत्या. मनूची पुडी त्यांनी माझ्यासमोर फळीवर ठेवली. हातात दिली नाही.

“तुमचीच वाट पाहून राहिले होते. मी म्हणलं, शाळेत नेऊन द्या ना. तर म्हणे, नाही. गुरुजी येतीन.”

 मी पुडी उचलली आणि तिथेच उघडली.

पुडीत चाकू होता आणि कॅलेंडरच्या पानाचा एक तुकडा. प्रत्येक पोराची अशी चिठ्ठी असायची हे मला तेव्हा कळलं. काकाजींच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात वर लिहिलं होतं, ‘अंगठा पुढे जाते’. त्यावर काट. खाली, ‘घाई करते’. त्यावरही काट. त्याखाली, ‘शिंगाडा बाकी’. तो माझ्यामुळे अर्धाच राहिला होता, तरी त्यावरही काट. शेवटची ओळ तेवढी तशीच होती.

‘पोरगी पक्की. बाप कच्चा.’

यंदा तलावातले शिंगाडे बाजारात आले तेव्हा मी किलोभर आणून उकडायला लावले. शनिवार होता, दोघांचीही शाळा सकाळची. ओसरीत मनूसमोर चाकू ठेवला आणि मी मांडीखाली हात दाबून बसलो. तिनं चाकूकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसली, हात फिरवून रिंगण पाहिलं, आणि मला आणखी वीतभर मागे सरकायला सांगितलं.

एक शिंग उडालं. दुसऱ्याखाली पातं गेलं. अंगठा तितकाच जवळ.

“बाबा, हात,” मान वर न करता ती म्हणाली.

मी पाहिलं, तर उजवा हात अर्धा बाहेर आला होता. तो परत दाबला. तोंडही मिटलं. तेव्हा तो बारीक, सलग आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला. काकाजी समोर असते तर त्यांना सांगितलं असतं की ऐकू आलं बुवा एकदाचं. चिठ्ठी खिशात आहे. तिची शेवटची ओळ मी अजून खोडलेली नाही.

मनूनं पांढरा, कुठेही चरा नसलेला शिंगाडा माझ्या गुडघ्यापुढे फरशीवर ठेवला, चाकू मिटला आणि तोही बाजूला ठेवला.

“आता हात काढा,” ती म्हणाली.