मामांच्या हाती नवरदेवाची गाडी

माझं लग्न ठरलं तेव्हा धोंडूमामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि आमच्या घराण्यात नवरदेवाची गाडी मामानेच हाकायची असते.

रीत म्हणजे रीत! मामांना दिसत नाही हे अख्ख्या महाडाला ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं ते फक्त मामांना. तरी त्यांची गाडी कधी चुकली नाही, कारण त्यांच्या म्हाताऱ्या बैलांना सगळ्या वाटा पाठ होत्या. मामा नुसता कासरा धरून बसायचे आणि हाकतो मी म्हणायचे! पण नवरदेवाच्या गाडीला म्हातारे बैल शोभतात का? म्हणून मीच हट्टाने बिरवाडीच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याची पांढरीशुभ्र जोडी मागून आणली. (दुर्बुद्धी! दुसरं काय म्हणायचं?)

मुलगी पोलादपूरच्या पुढची, कापड्याची. तिला मी एकदाच, महाडच्या बाजारात सुकट निवडताना पाहिलं होतं, आणि तेव्हापासून मला जेवण गोड लागत नव्हतं. मुहूर्त संध्याकाळचा, गोरज. बाकीचं वऱ्हाड पहाटेच पुढे गेलं. मागच्या गाडीत मी, करवली म्हणून धाकटी बहीण गोदी, आणि पुढे मामा. मला दृष्ट लागू नये म्हणून गाडीला सगळीकडून लुगडी बांधलेली. म्हणजे मामांना मोतीबिंदूमुळे दिसत नव्हतं आणि मला लुगड्यांमुळे!

थोड्याच वेळात मामा ओरडायला लागले, "बाजूला हो रे! नवरदेवाची गाडी हाय!"

गोदीने लुगडं सारून पाहिलं. "मामा, ते झाड आहे."

"झाड कुठलं गो? चांगला कोट घातलेला माणूस हाय. मुंबईवरनं आलेला दिसतोय, म्हणून हलत नाय. माज बघ मेल्याचा!"

बैलांनीच झाडाला वळसा घातला. पुढे फाटा आला, आणि पोलादपूरचा रस्ता सोडून बैल सरळ बिरवाडीकडे वळले. घरची ओढ हो!

"मामा, वाट वळली," गोदी म्हणाली.

"वाट नाय वळली, नदी वळली."

"मामा, पण..." मी तोंड उघडलं.

"नवरदेवानं बोलायचं नाय! परत बोललास तर मी इथंच उतरतो. मामा रुसला म्हणून समज!"

मामा रुसला की लग्न अडलं.

बिरवाडीत बैल आपल्या गोठ्यापुढे थांबले आणि निवांत गवत खाऊ लागले. मामांनी फेटा सारखा केला. "आली सासुरवाडी!"

"अहो मामा, ही बिरवाडी आहे!" मी उतरायला लागलो, तर त्यांनी माझं उपरणंच धरलं.

"खाली बस! व्याही गूळपाणी घेऊन सामोरा आल्याबिगर नवरदेवानं पाय खाली ठेवायचा नाय. मानपान काय हाय की नाय?"

सामोरं कोण येणार, कपाळ! बैलांचा मालक शेतावर गेलेला. ऊन डोक्यावर आलं, माझ्या मुंडावळ्या सुकल्या. शेवटी तो आला आणि चकित होऊन म्हणाला, "बैल येवढ्यात परत आणलेत?"

"आता येतोस होय?" मामा कडाडले. "पोराला उन्हात वाळत घातलंस! व्याही हायस का कोण हायस?"

बिचारा घाबरून आत पळाला आणि खरंच गूळपाणी घेऊन आला! मामा पाणी प्याले, तृप्त झाले. "हां! आता उतर रे बाळ्या."

मी उतरलो आणि त्या भल्या माणसाच्या गळ्यात पडून ढसाढसा रडलो.

"बघ गो गोदे," मामा म्हणाले, "सासऱ्यावर किती माया!"

सगळा घोटाळा कळल्यावर त्या मालकाने कासरा आपल्या हाती घेतला. (मामांना मानाचा चाबूक दिला, तेव्हा ते बाजूला सरकले.) बैल असे पिटाळले की विचारू नका! मी मावळत्या सूर्याला हात जोडत होतो, थांब रे बाबा, थांब रे बाबा. कापड्याच्या वेशीवर वाजंत्री ऐकू आली.

"दादा, आपल्यासाठी थांबलेत!" गोदीने टाळ्या पिटल्या.

थांबले नव्हते. मुहूर्त टळायला आला, हळद लागलेली पोर तशीच कशी ठेवणार? तेव्हा दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी माझा थोरला चुलतभाऊ विष्णूअण्णा बोहल्यावर उभा केला होता. गावोगावचे नकार खाऊन घरी बसलेला विष्णूअण्णा! मुलीचे वडील डोळे पुसत माझ्यापुढे आले, "माफ करा हो जावय..." म्हणाले, आणि पुढे मला काय म्हणावं ते न सुचून तसेच परत गेले.

मामा मात्र तडक जोडप्यापुढे गेले आणि अण्णाच्या डोक्यावर हात ठेवला. "बाळ्या, लक्ष्मीनारायणाचा जोडा दिसतोय! मला एकदम स्वच्छ दिसतंय!" मग माझ्याकडे वळले. "आणि तू कोण रे? मोकळा उभा हायस तर पंगतीला वाढ की!"

कोणीतरी लाडवांचं ताट माझ्या हाती दिलं. काय करता? मुंडावळ्या कानामागे सारल्या आणि वाढत निघालो. वाढता वाढता नवरीच्या पानापुढे आलो. जन्मात पहिल्यांदा मी तिच्याशी बोललो, "एक तरी लाडू घ्या."

तिने पदर पुढे ओढला आणि जन्मात पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली.

"नको भावोजी. यांना वाढा."

मी अण्णाला दोन वाढले.