सातवं गलबत

वाचनालयाच्या माडीवरचं ते टेबल पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चक्क हसलो होतो. साठी उलटलेली सहा-सात माणसं, त्यातला एक दातांचा डॉक्टर, एक बँकेतून निवृत्त झालेला, निळ्या रंगवलेल्या प्लायवूडवर बोटाएवढी जहाजं पुढे सरकवत होती, फासे टाकत होती आणि पट्टीने अंतर मोजून एकमेकांवर ओरडत होती. दर रविवारी दुपारी हा उद्योग चाले. मी इतिहासाचा मास्तर, तेहतीस वर्षं वर्गात लढाया लढलेला. मला हा शुद्ध पोरखेळ वाटला, आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

हा क्लब सुरू केला तो माझ्या एका ख्रिस्ती शाळासोबत्याने. त्याची सगळी नोकरी मालवाहू जहाजांवर गेली. कुठल्याशा परदेशी बंदरात खलाशांच्या क्लबमध्ये त्याने हा खेळ पाहिला आणि नियमांची वही उतरवून गावी आणली. माझं बोलणं ऐकून तो चिडला नाही. "खाली वाक आणि एक डोळो मीट," एवढंच म्हणाला.

मी वाकलो. नजर टेबलाच्या कडेशी आली आणि प्लायवूड नाहीसं झालं. समोर समुद्र होता. शिडं फुगलेली, डोलकाठ्या नखाएवढ्या, आणि त्या काठ्यांना दोऱ्यासुद्धा होत्या. एका जहाजावर तांदळाच्या दाण्याएवढा माणूस सुकाणू धरून उभा होता. त्याला वाटत असेल तेच मला वाटलं, की पुढचं जहाज फार मोठं आहे आणि आपण फार थोडे आहोत. मी सरळ उभा राहिलो. इतकी वर्षं मी मुलांना लढाया शिकवल्या, पण कधी एकाही लढाईच्या आत उभा राहिलो नव्हतो.

नियम तसे सोपे. आपल्याला एक जहाज मिळतं. वारा कुठून आहे त्याप्रमाणे ते किती सरकेल हे ठरलेलं. तोफ लागली की नाही ते फासा सांगतो. पण जहाज कुठे न्यायचं, पुढे की मागे, हे फक्त आपण ठरवायचं, आणि एकदा हात उचलला की उचलला.

चार-सहा महिन्यांत मी इतका वेडा झालो की आपल्या गावची लढाई मांडायची असं मीच काढलं. आमचा गाव मालवणच्या किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी. तोंडासमोर खडप आहे, म्हणजे समुद्रातली काळ्या खडकांची रांग, आणि त्या रांगेत बाहेर जायला एकच चिंचोळी वाट. फार पूर्वी टोपीकरांचं एक मोठं जहाज खडपाबाहेर येऊन उभं राहिलं आणि आमची सात गलबतं उजाडताच त्याच्यावर चालून गेली. पुस्तकांत या लढाईला एक ओळही नाही, पण गावाला ती तोंडपाठ आहे. सहा गलबतं वाटेतून बाहेर पडली. चार बुडाली, दोन दुपारी परत आली. सातवं, सगळ्यात मोठं, वाटेच्या तोंडातूनच मागे फिरलं.

त्या सातव्याच्या तांडेलाचं, म्हणजे कप्तानाचं, घर अजून आहे. आडनाव काहीही असो, गाव त्यांना माघारकर म्हणतो. दरवर्षी लढाई जुंपली त्या तिथीला आणि त्या वेळी, मार्गशीर्ष वद्य तृतीयेला सकाळी आठला, गाव वाटेपाशी जाऊन सहा नारळ समुद्राला देतो, सहा घरांच्या मानाचे. आमच्याकडे मान म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे त्याला सातव्या घराचं दुःख वेगळं सांगायला नको. त्या दिवशी माघारकरांचं दार बंद असतं.

आणि मी काय करत होतो? आठवीच्या वर्गात ही लढाई रंगवून सांगत होतो. "सहा गेली, आणि सातवं?" असं मी विचारायचो आणि अख्खा वर्ग ओरडायचा, "फिरला!" एका वर्षी वर्गात दुसऱ्या बाकावर त्या घरातली मुलगी होती. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या, आणि मी हसलो. ते हसणं माझ्या लक्षात आहे. त्या तासाचं बाकी काही आठवत नाही.

गलबतं मी सावंतवाडीच्या एका लाकडी खेळणी करणाऱ्याकडून करून घेतली. "मी आंबे-केळी करतंय, गलबता कधी केलंय नाय," म्हणून त्याने कपाळाला आठ्या घातल्या. दोन महिन्यांनी वर्तमानपत्राच्या पुडीतून पांगाऱ्याच्या लाकडाची सात गलबतं त्याने माझ्या तळहातावर ओतली. वल्ह्यांची भोकंसुद्धा होती. दुकानात उभ्या उभ्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी उगाच धुळीला दोष दिला.

पहिले काही महिने आम्ही ती लढाई खेळलो. गंमत म्हणजे सातवं गलबत कोणी घ्यायचंच नाही. ते आपलं खाडीच्या तोंडाशी पडून असायचं. कोणी ठरवलं नव्हतं, पण हात तिकडे जात नसे.

एका रविवारी ती वर आली. तीच, दुसऱ्या बाकावरची मुलगी. आता चाळिशीची, नवऱ्याबरोबर पर्यटकांची बोट चालवते. कोपऱ्यात उभी राहून तिने एक अख्खा डाव पाहिला आणि मग हळूच विचारलं, "सर, ह्या पाणी भरतीचा की सुकतीचा?"

सुकती म्हणजे ओहोटी. मी खेकसलोच. "टेबलावर कसली आलीय भरती?"

पण बोलता बोलताच माझी जीभ अडली. माझा सोबतीही फासा हातात धरून तसाच थांबला. आमच्या प्लायवूडवरचं पाणी सपाट होतं. कायम तेवढंच. समुद्राकाठी जन्म काढलेल्या माणसांनी समुद्र रंगवला आणि त्याला भरती-ओहोटीच दिली नव्हती.

भरतीची वेळ काढायला आमच्याकडे घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. तृतीया, म्हणजे तीन; तिची पाऊणपट सव्वादोन. रात्री सव्वादोनला पूर्ण भरती, आणि सहा तासांनी, सव्वाआठला, पूर्ण सुकती. सकाळी आठला! मी तीन वेळा हिशेब केला. मग मला आठवलं की दरवर्षी त्याच तिथीला, त्याच वेळी, मी स्वतः पँट वर खोचून मांडीभर पाण्यातून त्या वाटेपर्यंत चालत जातो. अख्खा गाव चालत जातो. जिथे गलबत पुढे नेलं नाही म्हणून आम्ही एका घराला पिढ्यान्‌पिढ्या नावं ठेवली, तिथे आम्ही दरवर्षी पायी उभे राहतो, आणि एकाच्याही मनात कधी काही आलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिच्या बोटीतून जाऊन आम्ही दोरीला वजन बांधून वाटेची खोली मोजली. सोबत्याने टेबलाच्या कडेला भोकं पाडलेली एक पट्टी ठोकली. दर खेपेला तिच्यातली खुंटी एक भोक खाली उतरवायची. तेवढं पाणी कमी झालं. प्रत्येक गलबताच्या पोटाखाली, त्याला तरंगायला किती हात पाणी लागतं तो आकडा लिहिला. हलक्या सहांना दोन हात. सातव्यात दारूगोळा आणि माणसं सगळ्यात जास्त, त्याला अडीच. वाट अरुंद म्हणून एका खेपेला एकच गलबत बाहेर.

नव्या नियमांचा पहिला डाव बघायला आम्ही गावच्या मुख्य मानकऱ्याला बोलावलं होतं. ऐंशीच्या घरातले गृहस्थ, सगळं आयुष्य समुद्रावर गेलेलं, आणि माघारकरांचं नाव निघालं की थुंकणारे. ते उशिरा आले. सहा गलबतं वाटून झाली होती.

"माका खंयचा?" त्यांनी विचारलं.

उरलेलं एकच होतं. मी ते त्यांच्यापुढे सरकवलं. खरं सांगतो, त्यात माझा काही डाव नव्हता. लाकडी गलबतं सगळी एकाच मापाची, त्यांच्यावर नावंही नव्हती, आणि ते कुणाचं हे सांगायचा मला धीर झाला नाही.

गलबतं एकेक करून बाहेर पडू लागली. खुंटी एकेक भोक खाली येऊ लागली. बाहेर टोपीकरांच्या तोफा सुरू झाल्या, फासे खडखडले, आमचं एक बुडालं, मग दुसरं. मानकरी दोन्ही हात टेबलावर टेकून, मान खाली घालून, आपल्या पाळीची वाट बघत होते. पाळी आली तेव्हा त्यांनी गलबत उचललं, पोटाखालचा आकडा वाचला.

"पाणी किती उरला?"

"दोन हात," सोबती म्हणाला.

"मगे भायर कसा काढतलंय? खडपार बसतला. वाट बंद झाली तर भायरची माणसा परत येतली कशी?" आणि त्यांनी, एक क्षणही न घालवता, गलबताचं तोंड खाडीकडे वळवलं. "मी फिरवतंय."

हात उचलला.

माझ्यासमोर एक म्हातारा माणूस होता आणि त्याच्या पाठीमागे, त्याच जागी, त्याच पाण्यात, पिढ्यांपूर्वीचा दुसरा एक माणूस उभा होता. दोघांनी एकच गोष्ट पाहिली होती आणि एकच केलं होतं. चार फुटांच्या प्लायवूडवर! मी आयुष्यात इतकं मोठं काही पाहिलेलं नाही.

पुढचा फासा कोणी उचलेना तेव्हा मानकऱ्यांनी वर पाहिलं. "काय झाला? ह्या गलबत कोणाचा?"

मास्तर असून मी पट्टीवरची खुंटी चाचपत राहिलो.

"आमचा," ती कोपऱ्यातून म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग गलबताकडे. बराच वेळ ते त्याच्या डोलकाठीवरून अंगठा फिरवत राहिले. शेवटी कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "मी फिरवलंय, तर माका कोणी भित्रो म्हटल्यानी नाय."

गावात कुरबुर झालीच. दोन बैठका झाल्या, खेळण्यांवरून मान द्यायचा का, असंही कोणी विचारलं. मानकऱ्यांनी वाद घातला नाही. "माडयेर येवा, गलबत घेवा आणि पुढे नेवन दाखवा," एवढंच ते म्हणत. चार जण खरोखर आले. तिघांनी फिरवलं. चौथ्याने ईर्ष्येने पुढे नेलं. गलबत वाटेत बसलं, आणि बाहेरून परतणाऱ्या दोघांना आत यायला जागाच उरली नाही. तो तसाच जिना उतरून गेला.

तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी मानकरी रीतीप्रमाणे आमंत्रणाचा विडा घेऊन सहा घरी गेले, आणि मग सातव्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या वडिलांना आम्ही खुर्चीत बसवून खडपापर्यंत नेलं. नव्वदीला टेकलेले, पण वाटेपाशी आल्यावर त्यांनी उतरायचा हट्ट धरला. ते पाण्यात उभे राहिले. काठी टेकून त्यांनी तळ चाचपला आणि स्वतःशीच मान हलवली. जन्म याच गावात गेला, पण या दिवशी इथे ते पहिल्यांदाच आले होते. मागे सगळा गाव उभा होता.

ती माझ्या शेजारी होती. मला राहवलं नाही. "तुला हे आधीपासून ठाऊक होतं ना गो? मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"आमच्या घरात सगळ्यांकच ठावक होता, सर. पण आमी सांगितला असता तर कोणी ऐकला असता?" तिने वडिलांकडे पाहिलं. "आणि मी इचारलेलंय. आठवीत. हात वर करून ह्याच इचारलंय, भरती होती की सुकती. तुमी म्हणालात, खाली बस."

मला ते आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"चुकलो गो मी," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा एकदा, गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो.

पुढे तिचे वडील नारळ घेऊन वाकायला बघत होते आणि तोल जात होता. "मास्तर," त्यांनी मागे न बघता हाक मारली, "माझो हात धरा."

मी पुढे होऊन धरला. पाणी माझ्या मांडीपर्यंत होतं.