कच्चा लिंबू

आमच्या सोसायटीत मोठी माणसं पाण्याच्या टाकीवरून मीटिंगला बसली की उठल्यावर आठवडाभर एकमेकांशी बोलत नाहीत. खाली पार्किंगमध्ये त्यांचीच मुलं क्रिकेट खेळतात. तीही रोज भांडतात. ज्याची बॅट असते तो ती घेऊन तरातरा घरी निघतो आणि जिन्यापर्यंत पोचायच्या आत त्याची समजूत काढून त्याला परत आणलं जातं. गॅलरीत चहा पिताना हे बघून मला वाटायचं, आपली मीटिंग यांच्याकडेच चालवायला द्यावी.

काल राहवलं नाही. खाली जाऊन म्हटलं, "मलाही घ्या रे."

मुलांनी डोक्याला डोकी लावून कुजबुज केली. मग कॅप्टन पुढे आला आणि डॉक्टर रिपोर्ट सांगतात तशा मऊ आवाजात म्हणाला, "आजोबा, तुम्ही कच्चा लिंबू. आऊट झालात तरी खेळायचं."

मी कॉलेजच्या टीमचा ओपनर होतो, हे सांगायला तोंड उघडलं तोवर चेंडू आला आणि स्टंप म्हणून ठेवलेला रंगाचा डबा खणकन वाजला.

कुणीही हसलं नाही. "असू दे, असू दे!" चारी बाजूंनी आवाज आले. आमच्या मीटिंगमध्ये हे शब्द मी कधी ऐकलेले नाहीत.

माझ्या येण्याने बढती मिळालेली, तोवरची कच्चा लिंबू चिमी जवळ आली. माझ्या हातातली बॅट सरळ करत म्हणाली, "वाईट नका वाटून घेऊ, आजोबा. मोठे झालात की तुम्हालाही पक्क्यात घेतील."