रुसलेल्या माशाचं नाव

मंठ्यासारख्या कोरड्या गावात बसून समुद्राच्या तळाचं वेड लागलेली बाई म्हणजे मी. समुद्र अजून एकदाही पाह्यला न्हाई. पण दुपारी शिलाई मशीन थांबली की मोबाइलवर लाइव्ह लावते. एक जहाज केबलला बांधून यंत्र पार तळाला सोडतं, आन् तिथली अंधारातली जनावरं आपल्याला दिसतात. त्या यंत्राला म्हणतात सबमर्सिबल.

हे नवऱ्याला सांगितलं, तर त्यानं विचारलं, "किती एचपीची?"

त्याचा धंदाच बोअरमधल्या मोटारी काढायचा. सबमर्सिबल म्हणलं की त्याला मोटारच दिसणार. मी म्हणलं, "अहो, तेरा हजार फूट खाली गेलीय!"

"बाप रे! मंग, पाणी लागलं का?"

मी कपाळावर हात मारला आन् त्याचा नाद सोडला.

माझी खरी जोडीदार शेजारची खाला, म्हणजे उर्दूतली मावशी. साठी उलटलेली, घरात उर्दू, बाजारात मराठी, माझ्याशी दोन्हीची खिचडी. रोज दुपारी चष्मा घेऊन यायची. आमचा खेळ असा, की खाली जे जनावर दिसेल त्याला नाव ठेवायचं. नाव ठेवणं आन् नावं ठेवणं ह्यात एका टिंबाचा फरक, आन् आम्हाला दोन्हीची हौस. अट एकच, दोघी हसल्या तरच नाव पक्कं. मंग ते मापाच्या वहीत मागच्या पानावर. कानासारखे पंख हलवणारं आठ पायांचं ते टोपरं. डोक्यावर दिवा लावून दुसऱ्याला गिळणारी ती टॉर्चवाली नणंद. तळाला लोळणारं एक सुरकुतलेलं, त्याला खालानं ठेवलं बासी करेला.

एक दिवस मी सहज बोलून गेले, "खाला, दर्या किती खोल बघा."

"दरिया तो नदी कू बोलते. ये समंदर है."

"दर्या म्हणजे समुद्रच! दर्यावर्दी काय नदीत फिरतात का?"

"वो तुम्हारे मराठी में गलत हुआ."

गलत! माझ्या मराठीत! माझं डोकंच फिरलं. म्हणलं, "शब्द तुमच्याकडूनच आल्ता. तुमच्याकडं नदीच राह्यला, आमच्याकडं येऊन मोठा झाला."

खालानं चष्मा उचलला, अर्धा चहा तसाच टाकला आन् गेली.

आठ दिवस आली न्हाई. मधी एकच भिंत. तिच्या फोडणीचा ठसका मला लागायचा, पण ती काही यायची न्हाई. मी बी कशाला जाऊ? चूक तिची. एकटीच बघत बसायचे. एक झुळझुळीत काहीतरी आलं, मी मोठ्यानं म्हणलं, "नवरीचा घागरा!" कोणी हसलंच न्हाई. घागरा निघून गेला, बिननावाचा. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू?

नवरा म्हणला, "लई दिवस खाली राह्यली की मोटार गाळात फसती. जा, काढ वर."

"मोटारीशिवाय दुसरं काही सुचतं का तुम्हाला?" मी खेकसले.

नवव्या दिवशी स्क्रीनवर एक मासा आला. गाल फुगलेले, ओठ लोंबलेले, चिखलात पाठ करून बसलेला. असला रुसलेला जीव मी जन्मात पाह्यला न्हाई. गळ्यात टेप तशीच, मोबाइल घेऊन मी पळत सुटले आन् खालाचं दार बडवलं.

"खाला, जल्दी! तुमच्या समंदरात बघा काय आलंय!"

समंदर म्हणलं मी. जीभ अडखळली, पण म्हणलं.

खालानं चष्मा लावला. मंग हळूच म्हणली, "हौ. दर्या में ऐसे भी रहते?"

मी ऐकलं. आन् मोबाइल तिच्या आणखी जवळ धरला.

तिनं माशाकडं पाह्यलं, माझ्याकडं पाह्यलं. "ये तो बिलकुल तुम है."

"मला वाटलं तुम्हीच हायेत!"

आधी तिचं पोट हललं, मंग माझं. दोघी दाराची चौकट धरून हसलो. म्हणजे नाव पक्कं. तिला घेऊन घरी आले आन् वहीत लिहिलं, शेजारीण. तिनं त्याच्याखाली उर्दूत लिहिलं, पडोसन.

मंग पाय पसरून बसली आन् म्हणली, "मेरी आधी चाय बाकी है. लाओ."