पाटणकरच्या माडीवरचा समुद्र

एखाद्यानं कुत्रा पाळला तर त्याचे किस्से गल्लीपुरते असतात. आमच्या पाटणकरनं बंगळुरात, मल्लेश्वरमला माडीवर समुद्र पाळला, त्यामुळे किस्से आवरेनात! साठ-एकसष्टचा सुमार. तिथल्या एका सरकारी कारखान्यात आम्ही मूठभर मराठी इंजिनियर. मी, बेळगावचा हुद्दार आणि सांगलीचा हा वसंत पाटणकर रोज डब्याला एकत्र बसायचो. डबे संपायचे, पाटणकरच्या घोड्यांच्या गोष्टी संपायच्या नाहीत.

घोडे म्हणजे समुद्रघोडे. बोटभर लांबीचे मासे. तोंड घोड्याचं, शेपूट माकडाचं आणि जेवणाचे नखरे थेट जावयाचे! काहीतरी चिमुकलं, जिवंत, वळवळतं नाकासमोरून गेलं तरच खाणार. मेलेलं दिलं तर ढुंकून बघणार नाहीत. जाणकार सांगायचे, "ते उपाशी मरतात, नाद सोडा." पाटणकर म्हणायचा, "त्यांना नीट कुणी वाढलं नसेल!"

*

घोडे त्यानं मद्रासहून आणले. कामासाठी गेला होता, येताना घोड्यांची एक बरणी आणि समुद्राच्या पाण्याच्या भल्या मोठ्या बाटल्या घेऊन रेल्वेत बसला. टीसीनं बाटल्यांकडे बोट दाखवलं, "ह्यात काय?"

"समुद्र."

टीसीला वाटलं, चेष्टा करतोय. त्यानं बूच काढलं, बोट बुडवलं, चाटलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. मग म्हणाला, "ह्याचं लगेज भरावं लागेल."

पाटणकर शांतपणे म्हणाला, "समुद्राचा दर तुमच्या पुस्तकात दाखवा, लगेच भरतो!"

टीसी पुढच्या डब्यात गेला.

*

लोखंडी चौकटीची टाकी खाऱ्या पाण्यानं गंजून गेली असती. पाटणकरनं भंगारातून जुन्या बॅटरीची जाड काचेची बरणी मिळवली. पाण्यात हवा सोडायला लॉरीची ट्यूब. ती फुगवून ठेवायची, चिमटा किंचित सैल करायचा, की बारीक नळीतून बुडबुडे चालू!

ट्यूब मात्र सारखी भरावी लागे. म्हणून घरात नियमच झाला. पाहुणा आला की पाटणकरची बायको, कुमुदवहिनी, दारातच सायकलचा पंप हातात द्यायच्या.

"आधी पंप, मग चहा!"

हुद्दारचे मेहुणे पहिल्यांदा आले, घामाघूम होऊन चहा प्यायले आणि जाताना म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी जेवायला बोलावू नका हं!"

*

खाली घरमालक राहायचे, नंजुंडय्या. सोवळ्याओवळ्याचे. त्यामुळे मासे बघायला ते माडीवर कधीच चढले नाहीत. पण भाडेकरूनं काहीतरी पाळलंय आणि ते जेवत नाही, एवढं त्यांच्या कानावर गेलं होतं.

एकदा त्यांनी जिन्याखालून हाक मारली, "पाटणकर, काय पाळलंय हो?"

"घोडा, अण्णा!"

नंजुंडय्यांनी क्षणभर छताकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या पायरीवर पातेलंभर भिजवलेली हुरळी. म्हणजे आपले हुलगे, घोड्यांचा खुराक! वर निरोप, "स्वल्प गूळ घालून द्या. नक्की खाईल."

वहिनींनी त्याची उसळ केली. आम्ही खाल्ली.

*

घोड्यांनी शेवटी जी वस्तू आवडीनं खाल्ली ती म्हणजे डासांच्या अळ्या! पाटणकरनं मागल्या अंगणात रांजण मांडले, पाणी साचू दिलं. अळ्या गाळणीनं गाळायच्या, धुवायच्या आणि घोड्यांसमोर सोडायच्या. घोडा जवळ यायचा, एक डोळा रोखायचा आणि टक्! अळी गायब.

तेवढ्यात गल्लीत मलेरिया खात्याचा माणूस आला, साचलेल्या पाण्यावर तेल मारणारा. रांजण बघून त्याच्या हातातली नळीच खाली आली. "सार, तुम्ही शिकलेली माणसं! डास पाळता?"

पाटणकरनं त्याला दंड धरून वर नेलं आणि बरणीपुढं उभं केलं. टक्. टक्. टक्.

तो माणूस किती तरी वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आमच्या अख्ख्या खात्यापेक्षा हा बरा!"

आणि पुढच्या आठवड्यात तो स्वतःच सायकलवरून एक बाटली घेऊन आला. "सार, तळ्याकाठी मिळाल्या. जरा बारीक आहेत. चालतील का?"

*

आमचे साहेब म्हैसूरचे, रेसचे शौकीन. पाटणकरकडे घोडा आहे एवढंच त्यांनी ऐकलं आणि त्याला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. हळूच विचारलं, "रविवारी धावणार का?"

"सर, तो धावत नाही. दिवसभर शेपटीनं काडी धरून एका जागी उभा असतो."

साहेब मान हलवत म्हणाले, "म्हणजे मी दर रविवारी पैसे लावतो तो हाच!"

*

त्या हिवाळ्यात कुमुदवहिनींना मुलगी झाली. पाटणकरच्या आई सांगलीहून डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या. आणि नेमकं तेव्हाच एका घोड्यानं खाणं सोडलं. पोट टरारून फुगलं. नाकासमोरून अळ्या वळवळत जायच्या, हा जागचा हलायचा नाही.

कधी कशाला न डगमगणारा पाटणकर बरणीसमोर उकिडवा बसून म्हणाला, "हुद्दार, हा काही राहत नाही." त्याचा तो आवाज आम्हाला नवीन होता. हुद्दारनं नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

रविवारी सकाळी आम्ही दोघं धास्तावूनच गेलो. वहिनी बाळाला घेऊन दारातच उभ्या. "या, लवकर या!" आज पंपसुद्धा नाही!

बरणीत जिकडेतिकडे तिळाएवढे घोडे! तंतोतंत घोडे, इवल्या शेपट्यांनी एकमेकांना धरून तरंगणारे. आणि तो आजारी घोडा सपाट पोटानं अळ्यांवर तुटून पडलेला. टक्, टक्, टक्! पाटणकर हसत होता आणि बाहीनं डोळे पुसत होता.

आई पदराला हात पुशीत बाहेर आल्या. "काय झालं रे?"

"आई, घोडा व्याला!"

"घोडी व्याली म्हण."

"नाही आई, घोडाच. ह्यांच्यात पिल्लं बापाच्या पोटी होतात."

आईंनी बरणीकडे पाहिलं. सुनेकडे पाहिलं. मग बराच वेळ मुलाकडे पाहिलं. आत गेल्या आणि लाडवांचा डबा घेऊन आल्या. एक लाडू सुनेला दिला. दुसरा पाटणकरच्या हातावर ठेवला.

"खा," त्या म्हणाल्या, "आणि महिनाभर जड काही उचलू नकोस."