मिस्त्रीचा उजवा डोळा

मिस्त्रीचा स्वतःच्या उजव्या डोळ्यावर जितका विश्वास होता तितका देवावरही नव्हता. फळी उचलायची, डावा डोळा मिटायचा, उजव्याने कडेवरून नजर सोडायची. केसभर बाक दिसला की फळी परत.

त्या वर्षी मात्र प्रत्येक फळीने मध्येच पोट काढलेलं. "लाकूड विकतोस की केळी?" म्हणत त्याने लाकूडवाल्याची अब्रू काढली. उरलेल्या फळ्या स्वतः रंधा मारून 'सरळ' केल्या. कपाट उभं राहिलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, हे दार पोटुशी आहे."

जावयाला निमित्तच हवं होतं. तो गोळ्या विकायचा. "मामा, डोळ्याला आतून गंज चढतो. ही गंजाची गोळी!" लेकीकडे बघून मिस्त्रीने तीन महिने गोळ्या गिळल्या, आणि वर सिगारेटी फुंकल्या. फळ्या वाकड्याच.

जावई अर्धं खरं बोलत होता, आणि अर्धं खरंच बाजारात जास्त खपतं. डोळ्याचा पडदा जन्मभर उजेड झेलतो, प्राणवायू वापरतो. त्यातून उठणारी धग शरीर स्वतःच विझवतं. वयाबरोबर विझवणारे थकतात. धूर त्यांना आणखी लोळवतो. एवढं कळायला गोळीवाला कशाला हवा?

शेवटी बायकोनेच त्याला खिडकीपुढे बसवलं. "डावा मिटा. गज कसे दिसतात?"

"वाकडे. कुणी ठोकलेत हे?"

"तुम्हीच. आता उजवा मिटा."

गज सरळ होते. चाळीस वर्षांच्या कामात डाव्या डोळ्याला त्याने एकदाही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बायको त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली; जावईही गोळ्यांची बाटली घेऊन सोबत आला.

"पडद्याखाली गळती आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील. तीन महिने आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं." मग त्यांनी जावयाची बाटली वाचली. "यात बीटा-कॅरोटीन, तेही एवढं! आणि तुम्ही सिगारेट ओढता? दोन्ही एकत्र घेऊन फुप्फुसाचा कर्करोग हवाय का? डाव्या डोळ्यातही याच आजाराचे ठिपके आहेत. त्यासाठी मोजून मापून वेगळ्या गोळ्या देते. आजार हळू सरकेल, गेलेलं परत येणार नाही. आणि सिगारेट आजपासून बंद."

"पण हे नैसर्गिक आहे, मॅडम! गाजरातलं!" जावई मागून बोललाच.

"नागाचं विषही नैसर्गिकच असतं, जावईबापू," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही बाहेर बसा."

दार लागलं. खिशातलं सिगारेटचं पाकीट त्याने बायकोच्या हातात दिलं आणि खुर्चीवर मान मागे टेकली.

"उजव्यात टोचा बाई. डावा तरी ठेवा मला."